बिरसीची धावपट्टी आणि पंख्यांची विमानं

गोंदियाचं विमानतळ म्हणजे बिरसी. शहरापासून बारा-एक किलोमीटरवर, कामठ्याजवळ. चारी बाजूंनी धानाच्या बांध्या आणि मधोमध २३०० मीटरची धावपट्टी. दुसरं महायुद्ध पेटलं तेव्हा, १९४० च्या सुमारास, इंग्रजांनी ही पट्टी आखली. युद्ध संपलं, इंग्रज गेले, आणि पुढची कितीतरी वर्षं बिरसीला विमानापेक्षा सारस पक्ष्याची जोडीच जास्त वेळा उतरलेली दिसायची. २००५ च्या अखेरीस एअरपोर्ट्स अथॉरिटीने ती जागा ताब्यात घेतली. त्या वेळी केंद्रात नागरी विमान वाहतूक खातं भंडारा-गोंदियाच्या प्रफुल्ल पटेलांकडे होतं. अथॉरिटी आणि कॅनडाची सीएई कंपनी यांनी मिळून इथे वैमानिक घडवणारी राष्ट्रीय संस्था उभी केली, आणि धावपट्टी पुन्हा जागी झाली.

आज कुंपणाबाहेर उभं राहिलं की दोन तऱ्हेची विमानं दिसतात. एक, संस्थेची छोटी डायमंड विमानं. पांढरी, सडपातळ, लांब पंखांची. दिवसभर तीच फेरी: उड्डाण, डावं वळण, पुन्हा डावं वळण, उतरणं, चाकं टेकताच पुन्हा उड्डाण. दुसरं, एटीआर-७२. मार्च २०२२ मध्ये इथून पहिल्यांदा प्रवासी सेवा सुरू झाली, काही महिन्यांत थांबली. डिसेंबर २०२३ मध्ये इंडिगोने हैदराबादकडे पुन्हा विमान सुरू केलं. दोन्ही वेळा बिरसीला आलं ते एटीआरच. हे पंख्यांचं विमान आहे, पण त्याचे पंखे जेट इंजिनच फिरवतं. या जातीला टर्बोप्रॉप म्हणतात.

हा लेख त्या जातीच्या थोरल्या पिढीबद्दल आहे. ॲव्रो, एएन-१२, एएन-३२. भारतीय वायुसेनेची मालवाहू टर्बोप्रॉप विमानं, ज्यांनी साठ वर्षं या देशाच्या टोकाटोकाला पीठ, रॉकेल, औषधं, तोफा, जवान आणि शवपेट्या पोचवल्या. लढाऊ विमानांवर आपल्याकडे पुस्तकं निघतात, सिनेमे निघतात. मालवाहू विमानाच्या वाट्याला वर्तमानपत्राचा मथळा येतो तो ते पडल्यावर. म्हातारी विमानं उडत राहतात ती त्यांचा स्वभाव ओळखणाऱ्या माणसांच्या बळावर. आणि आता ती माणसंच विमानांच्या आधी निवृत्त व्हायला लागली आहेत. त्यांचं काम नेमकं काय होतं, हे लिहून ठेवायची वेळ आली आहे असं मला मनापासून वाटतं.

आधी यंत्र समजून घेऊ. जेट इंजिनात हवा दाबली जाते, तिच्यात इंधन जळतं, तापलेला वायू टर्बाइन फिरवतो. नेहमीच्या जेटमध्ये उरलेला झोत मागे फेकून विमान पुढे ढकललं जातं. टर्बोप्रॉपमध्ये त्या वायूची बहुतेक ताकद टर्बाइनच काढून घेतं आणि गिअरबॉक्समधून पंख्याला देतं. ॲव्रोला बसवलेलं रोल्स-रॉइसचं डार्ट इंजिन मिनिटाला १५,००० फेरे घ्यायचं. पंखा मात्र १,४०० च्या आसपासच फिरायचा. एवढा वेग उतरवायचा म्हणजे त्या गिअरबॉक्सवर काय भार येत असेल, याची कल्पना करावी. मोबदल्यात काय मिळतं? आखूड धावपट्टीवरून उठण्याची ताकद आणि कमी वेगात कमी इंधन. जिथे सहा हजार फुटांची गुळगुळीत पट्टी नाही, जिथे डोंगराच्या कुशीत मुरमाचा पट्टा सपाट केला की त्यालाच विमानतळ म्हणायचं, तिथे हेच विमान लागतं.

डार्टचा आवाज आपल्याकडच्या प्रवाशांच्या कानी पडू लागला तो १९५७ साली, इंडियन एअरलाइन्सच्या व्हायकाउंट विमानांबरोबर. कानात दाभण जावं तशी तीक्ष्ण शीळ. मग वायुसेनेसाठी ॲव्रो ७४८ भारतातच बांधायचं ठरलं. कानपूरला जुळणी झालेलं पहिलं विमान १ नोव्हेंबर १९६१ रोजी उडालं. ब्रिटनमध्ये मूळ नमुना उडून तेव्हा दीड वर्षही झालं नव्हतं. नवा देश, हाताशी जुनी शेड, आणि एअर व्हाइस मार्शल हरजिंदर सिंग यांच्यासारखा, वायुसेनेत साध्या यांत्रिकापासून वर चढलेला माणूस कामाच्या मागे. त्या विमानाला दिवंगत वायुसेनाप्रमुख सुब्रतो मुखर्जींच्या आठवणीसाठी ‘सुब्रतो’ हे नाव दिलं. पुढे हिंदुस्तान एरोनॉटिक्सने अशी ८९ विमानं बांधली. त्यातली शेवटची काही तर मागच्या बाजूला मोठं मालाचं दार कापून खास वाहतुकीसाठीच केलेली.

डार्टबद्दल एक गोष्ट विदर्भाच्या वाचकाला लगेच पटेल. उन्हाळ्यात गोंदिया-नागपूरला पारा ४५ वर जातो. इंजिनाची आणि पंखांची सगळी गणितं १५ अंश तापमान धरून मांडलेली असतात. ४५ अंशांना हवा त्यापेक्षा जवळजवळ दहा टक्क्यांनी विरळ होते. म्हणजे पंखाला उचल कमी, पंख्याला पकड कमी आणि इंजिनाला प्राणवायू कमी, तिन्ही एकदम. अशा वेळी डार्टमध्ये पाणी आणि मेथेनॉल यांचं मिश्रण फवारलं जायचं. त्याने आतली हवा थंड होते, घट्ट होते, हरवलेली ताकद उड्डाणापुरती परत मिळते. ही टाकी भरली आहे का, दोन्ही इंजिनांना फवारा सारखा पोचतो आहे का, हे बघणं मे महिन्यात उड्डाणाआधीचं पहिलं काम. एका बाजूला पोचला आणि दुसऱ्या बाजूला नाही, तर विमान धावपट्टीवरच एकीकडे ओढायला लागतं.

पंख्याचंही तसंच. त्याच्या पात्यांचा कोन बदलता येतो. जमिनीवर पाती जवळजवळ सपाट करतात, त्याला ग्राउंड फाइन म्हणतात. तेव्हा पंखा वाऱ्यासमोर ताटासारखा उभा राहतो आणि उतरलेल्या विमानाला चांगला अडवतो. हाच कोन हवेत चुकून आला तर विमान दगडासारखं खाली येईल. म्हणून मधे एक खटका असतो, आणि चाकं टेकल्याची खात्री पटल्यावरच वैमानिक तो काढतो. उलट इंजिन हवेत बंद पडलं तर पात्यांची धार वाऱ्याकडे फिरवावी लागते. याला फेदर करणं म्हणतात. तसं केलं नाही तर बंद पडलेला पंखा वाऱ्याने फिरत राहतो आणि विमानाला त्या बाजूला खेचतो. हे सगळं काही क्षणांत, योग्य इंजिनाचा दांडा हातात धरून करायचं. घाईत चांगलं चालणारं इंजिनच बंद केल्याची उदाहरणं जगभर आहेत. त्यामुळे जुन्या चमूंमध्ये शिस्त असायची: एकाने इंजिनाचं नाव मोठ्याने घ्यायचं, दुसऱ्याने बघून दुजोरा द्यायचा, मगच हात हलवायचा.

आता त्या चमूकडे येऊ. बिरसीला शिकणारा मुलगा उद्या एटीआरवर गेला तर कॉकपिटमध्ये त्याच्यासोबत आणखी एकच वैमानिक असेल. बाकीचं काम पडदे आणि संगणक करतात. एएन-३२ मध्ये पाच माणसं लागत आली: दोन वैमानिक, एक नॅव्हिगेटर, एक फ्लाइट इंजिनिअर आणि मागे मालाजवळ फ्लाइट गनर. विमानावर तोफ नाही, तरी त्याचं पद गनरचंच.

फ्लाइट इंजिनिअरची नजर घड्याळांवर. एएन-३२ चं एआय-२० इंजिन वेगळ्याच स्वभावाचं आहे. ते मिनिटाला १२,३०० फेऱ्यांवर एकदा बसलं की तिथेच राहतं. वैमानिकाने ताकद वाढवली तरी फेरे वाढत नाहीत. इंधन वाढतं आणि गव्हर्नर पात्यांचा कोन वाढवून तो भार पंख्यावर टाकतो. त्यामुळे नुसत्या आवाजावरून इंजिनाची तब्येत कळत नाही. टॉर्कचा काटा, टर्बाइनचं तापमान, तेलाचा दाब, हे सगळं एकत्र वाचावं लागतं. एक काटा थोडा चढलेला, दुसरा थोडा उतरलेला, आणि तिसरा जागच्या जागी: या तिन्हींचा मिळून अर्थ काय, हे पुस्तकात असतं तसं हाडातही असावं लागतं. एकच विमान वीस वर्षं बघितलेल्या माणसाला उजवं इंजिन डाव्यापेक्षा नेहमीच थोडं गरम चालतं हे ठाऊक असतं, आणि म्हणूनच एखाद्या दिवशी ते थंड चाललं तर त्याला काळजी वाटते.

नॅव्हिगेटर म्हणजे डोंगरातला वाटाड्या. उपग्रहाचा आधार येण्याआधीच्या काळात ईशान्येच्या दऱ्यांमधून जाताना घड्याळ, नकाशा, होकायंत्र आणि खिडकी एवढ्यावर काम चालायचं. अमुक वळणानंतर इतक्या मिनिटांनी नदी फुटते. नाही दिसली तर परत फिर. दरी इतकी अरुंद होण्याआधी फिरायचं की वळायला जागा उरेल. परत फिरण्याची शेवटची जागा कोणती, हे त्यालाच सांगायचं असतं.

आणि गनर. त्याच्याबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून थोडं जास्त लिहितो. मालवाहू विमानात माल नुसता भरत नाहीत, मांडतात. वजन किती यापेक्षा ते कुठे आहे याला महत्त्व. भार ठरलेल्या पट्ट्याच्या मागे गेला तर उड्डाणाच्या वेळी नाक वर उचललं जातं आणि खाली येत नाही. म्हणून प्रत्येक नग मोजून, जागा ठरवून, साखळ्यांनी आणि पट्ट्यांनी जमिनीच्या कड्यांना बांधायचा. एएन-३२ चा मागचा दरवाजा उघडला की खाली झुकून उतार होतो, किंवा तो सरकत पोटाखाली जातो. मग ट्रक मागे घेऊन थेट विमानाच्या तळाला लावता येतो. हवेतून माल टाकायचा असेल तर तोच दरवाजा हिमालयावर उघडायचा. गोठवणारा वारा, तोंडाला प्राणवायूचा मुखवटा, कमरेला दोरी. घंटा वाजली की छत्र्या बांधलेले नग ढकलायचे. सगळे गेले पाहिजेत. एखादा मधेच अडकला तर भार हलतो, आणि पुढे बसलेल्या वैमानिकाच्या हातात विमान जड व्हायला लागतं. सियाचीनच्या जवानांच्या चुलीवर जे शिजलं, त्यातलं कितीतरी या माणसांच्या हातून खाली गेलं.

एएन-३२ हे विमान जवळपास भारतासाठीच घडलं. आपल्याला उंचीवर आणि उन्हात चालणारं मालवाहू विमान हवं होतं. अंतोनोव्ह कारखान्याने आपल्या एएन-२६ ला खूप ताकदीची इंजिनं दिली आणि मोठे पंखे जमिनीला लागू नयेत म्हणून ती पंखांच्या वर चढवली. त्यामुळे हे विमान समोरून खांदे उडवल्यासारखं दिसतं. १९८४ पासून ती आपल्याकडे यायला लागली, शंभराहून अधिक आली. त्यांचं आयुष्य सुट्या भागांच्या गोष्टीशी बांधलेलं आहे, आणि ती गोष्ट नागपुरातून जाते. वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय नागपूरच्या वायुसेनानगरात आहे. विमानांची मोठी दुरुस्ती कानपूरच्या बेस रिपेअर डेपोत होते, तो याच कमांडच्या हाताखाली. २००९ मध्ये युक्रेनशी १०५ विमानांच्या नूतनीकरणाचा करार झाला: चाळीस तिकडे, बाकीची कानपूरला. २०१४ नंतर युक्रेन युद्धात ओढला गेला आणि सुटे भाग वेळेवर मिळणं अवघड झालं. तिथून पुढे कामाचा भार कुणावर आला हे उघड आहे. कारखाना ज्या देशात आहे तो देश संकटात, विमान मात्र उद्या सकाळी लेहला जायलाच हवं.

या विमानांच्या इतिहासात मराठी नावं आहेत, आणि ती जगातल्या सर्वांत उंच धावपट्ट्यांपैकी एकीवर आहेत. लडाखच्या उत्तर टोकाला दौलत बेग ओल्डी, उंची १६,६१४ फूट. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळजवळ निम्मा. २३ जुलै १९६२ रोजी स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी तिथे पहिल्यांदा पॅकेट विमान उतरवलं. पॅकेट हे जुन्या पिस्टन इंजिनांचं विमान. त्या उंचीवर दम अपुरा पडतो म्हणून पाठीवर एक छोटं जेट इंजिन बसवलेलं. काही वर्षांत तिथली उड्डाणं थांबली. मग तब्बल त्रेचाळीस वर्षं त्या पट्टीवर पंख्यांचं विमान उतरलं नाही. ३१ मे २००८ रोजी ग्रुप कॅप्टन एस. सी. चाफेकर यांनी चंडीगडहून एएन-३२ नेऊन तिथे उतरवलं. ना पक्की धावपट्टी, ना दिवे, ना कंट्रोल टॉवर. अशा ठिकाणी उतरल्यावर इंजिन बंद करणं म्हणजे मोठी जोखीम, कारण विरळ हवेत ते पुन्हा सुरू होईलच याची खात्री नसते. पुढे २०१३ मध्ये आधुनिक सी-१३०जे तिथे उतरलं, त्याची बातमी खूप गाजली. चाफेकरांचं एएन-३२ मात्र जुन्या पिढीचं होतं, आणि त्याला नुसत्या दोन इंजिनांवर परत उठायचं होतं. माझ्या मते हे उड्डाण महाराष्ट्रातल्या शाळांमधल्या मुलांना ठाऊक असायला हवं.

एएन-१२ चं कर्तृत्व त्याच्या आधीचं. चार इंजिनांचं हे थोरलं विमान १९६१ मध्ये आलं आणि पुढच्याच वर्षी चीनशी युद्ध सुरू झालं. ऑक्टोबर १९६२ मध्ये एएमएक्स-१३ रणगाडे त्याच्या पोटात घालून चौदा हजार फुटांवरच्या चुशूलला पोचवले गेले. १९७१ मध्ये तर ४४ स्क्वाड्रनने या मालवाहू विमानाचं बॉम्बफेकी विमान केलं. विंग कमांडर विद्याभूषण वसिष्ठ यांच्या नेतृत्वाखाली ३ डिसेंबरच्या रात्री पाकिस्तानातल्या चांगा मांगा जंगलातल्या दारूगोळ्याच्या साठ्यावर हल्ला झाला. मागच्या दरवाजातून बॉम्ब सोडले गेले, म्हणजे रोज पिठाची पोती ढकलणाऱ्या हातांनीच. वसिष्ठांना महावीर चक्र मिळालं.

या सगळ्याची किंमत मोजली गेली. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी चंडीगडहून लेहला निघालेलं एएन-१२ खराब हवामानामुळे मागे वळलं आणि रोहतांगच्या परिसरात नाहीसं झालं. आत १०२ माणसं. २००३ मध्ये गिर्यारोहकांना हिमनदीत अवशेष सापडले. त्यानंतर बर्फ वितळेल तसं एकेक शरीर सापडत गेलं. सप्टेंबर २०२४ मध्ये आणखी चार. छप्पन्न वर्षांनी गावाच्या वेशीवर तिरंग्यातली पेटी येते, आणि तिला खांदा द्यायला नातू उभा असतो. २२ जुलै २०१६ रोजी चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला जाणारं एएन-३२ बंगालच्या उपसागरात २९ जणांसह गेलं. साडेसात वर्षांनी, जानेवारी २०२४ मध्ये, ३,४०० मीटर खोल तळाशी त्याचे अवशेष दिसले. जून २०१९ मध्ये जोरहाटहून मेचुकाला निघालेलं एएन-३२ अरुणाचलच्या डोंगरावर आदळलं, तेरा जण गेले. बिरसीलाही हे दुःख परकं नाही. २०१७ मध्ये वैनगंगेच्या पात्रात आणि मार्च २०२३ मध्ये बालाघाटच्या डोंगरात इथून उडालेली प्रशिक्षण विमानं पडली, दोन्ही वेळी दोन-दोन जीव गेले. विमान जुनं असो की नवं, डोंगर आणि पाणी कुणाची गय करत नाहीत.

याच जुन्या एएन-३२ च्या आयुष्यातला एक अध्याय आपल्या शेजारच्या मातीतून उगवला. १७ डिसेंबर २०१८ रोजी चंडीगडला एका एएन-३२ मध्ये दहा टक्के जैवइंधन मिसळून उड्डाण केलं गेलं. त्या तेलाचं मूळ रतनज्योतीच्या बियांत, आणि बिया छत्तीसगडच्या. डेहराडूनच्या पेट्रोलियम संस्थेत त्या तेलाचं विमानाचं इंधन झालं. जानेवारी २०२० मध्ये असं विमान लेहलाही उतरलं. देवरी ओलांडली की छत्तीसगड लागतं. शेताच्या कडेला गुरांनी तोंड लावू नये म्हणून हेच झुडूप तिकडे आणि आपल्याकडेही लावतात. चाचणीसाठी वायुसेनेने जुनंच विमान घेतलं, आणि त्या इंजिनाची प्रत्येक सवय तिच्या माणसांना पाठ होती. काही बिघडलं असतं तर ते कशामुळे, हे सांगता आलं असतं.

ॲव्रोची पाळी आता संपत आली आहे. तिच्या जागी ५६ सी-२९५ विमानं येत आहेत: सोळा स्पेनहून, चाळीस टाटांच्या वडोदऱ्याच्या कारखान्यातून. हा सुमारे बावीस हजार कोटींचा प्रकल्प नागपूरच्या मिहानला यावा अशी विदर्भाची आस होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये तो गुजरातला गेल्याचं कळलं तेव्हा इथे जी हळहळ झाली, ती अजून पुरती विरलेली नाही. राजकारण बाजूला ठेवूनही ती हळहळ खरी आहे. मेंटेनन्स कमांड नागपुरात, आकाश मोकळं, जमीन मुबलक, आणि कारखान्यात हात घालायला तयार मुलंही. सी-२९५ हे देखील टर्बोप्रॉपच आहे. फ्लाइट इंजिनिअरची खुर्ची मात्र त्यात नाही.

ती खुर्ची आणि नॅव्हिगेटरचं टेबल जाणार, याचं दुःख करण्याचं कारण नाही. नवी यंत्रणा अनेक बाबतींत अधिक सुरक्षित आहे. पण बिरसीला पडद्यांसमोर बसून शिकणाऱ्या पोरांनी एकदा तरी जुन्या काट्यांसमोर बसावं, दांडा हातात धरावा, पंख्याचं पातं हाताने फिरवून त्याचा कोन बघावा. निवृत्त विमानं वायुसेना संस्थांना आणि शहरांना देते, हा रिवाज जुना आहे. गोंदियाने एक ॲव्रो मागावी. जिल्हाधिकारी कार्यालयाने पत्र लिहावं, खासदारांनी पाठपुरावा करावा, संस्थेने हँगरशेजारी जागा द्यावी, आणि पूर्व विदर्भातल्या ज्या माजी वायुसैनिकांनी या विमानांवर उमेदीची वर्षं घालवली त्यांना महिन्यातून एकदा तिथे बोलवावं. इंजिनाचं झाकण उघडून त्यांनी पोरांना शिकवावं. इतर गावांत जुनी विमानं सुटी करून ट्रेलरवर आणावी लागतात आणि चौकात पुन्हा जुळवावी लागतात. बिरसीला ती अडचणही नाही. उडण्याजोगी आहे तोवर मागितली, तर २३०० मीटर पट्टी ॲव्रोला हवी त्यापेक्षा बरीच जास्त आहे. ती स्वतःच्या पंख्यांवर येऊन उतरेल.